मागचा जाडा टायर

दादाला मी पान्हा फेकून मारला, तो त्याच्या भुवईवर बसला, भळाभळा रक्त आलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही. त्याने आधी माझ्या कानाखाली काढलेली. आमच्या घरात हे असंच चालतं. कोलशेतला आमच्या गावात कुणाकडे भांडण लागलं की शेजारी सोडवायला धावतात. आमच्याकडे दारातून बघतात आणि निघून जातात.

भांडण टायरवरून होतं. दादाची क्रूझर गाडी, लांबलचक, मागे रेलून चालवायची. तिच्यासोबत आलेला टायर त्याला अचानक काडीसारखा दिसायला लागला. "मागून गाडी कशी भरलेली दिसली पाहिजे!" दिवसभर हेच पालुपद. शेवटी कल्याणहून जाडजूड टायर घेऊन आला. रिम तीच जुनी. टायर बसवणारा बोललेला की बसेल, पण चेनला लागेल. पण आमचा दादा कुणाचं ऐकतोय! चेनचं कव्हर काढून फेकलं, मडगार्डची पट्टी ग्राइंडरने उडवली, आणि चेन टायरपासून जरा लांब सरकावी म्हणून मागच्या स्प्रॉकेटखाली, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राखाली, वायसर घातले. आता चेन पुढे एका रेषेत आणि मागे दुसऱ्याच. वरून लिंबू-मिरची बांधली, झालं काम.

मी नौपाड्यात एका दवाखान्यात कामाला आहे. सकाळी दादा सोडायचा. नव्या टायरवर पहिल्यांदा बसले आणि खड्डा आला की मागून खर्र खर्र. तो एकटा चालवायचा तेव्हा आवाज येत नव्हता. मागे माणूस बसलं आणि गाडी आपटली की चेन उडून टायरला घासायची. उतरून मी वाकून बघितलं तर टायरची एक बाजू तासल्यासारखी झालेली, खाली काळा भुगा. बोट लावलं तर चटका बसला. मी बोलले, "दादा, हे फुटणार." तो बोलला, "तुला काय कळतं गं त्यातलं?" संध्याकाळी घरी मी परत तेच काढलं, तेव्हा ती कानाखाली आणि तो पान्हा.

मी गप्प बसलेही असते. मरू दे त्याचा तो, त्याची गाडी. पण कल्याणजवळ मोहने गावात मावसभावाची हळद होती आणि दादाने जाहीर करून टाकलं की आईला तो गाडीवरून नेणार.

माझी आई धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला बसल्याशिवाय हळद लागत नाही, भटजींनासुद्धा थांबावं लागतं. तिला मानाने न्यायचं असतं. दादाच्या डोक्यात चित्र तयार होतं: मांडवात गाडी शिरणार, मागे आई, सगळं मोहने बघणार आईला आणि त्या टायरला. आई काष्ट्याचं लुगडं नेसते, गाडीवर एका अंगाला बसते, गुडघे दुखतात म्हणून पाय धड टेकवता येत नाहीत. टायर फुटला तर ती सरळ मागच्या गाडीखाली जाणार. माझ्या डोळ्यांसमोरून ते हलेचना.

हळदीच्या दुपारी बायका टेम्पोत चढत होत्या. आई डोक्यात गजरा माळून गाडीवर बसलेली, दादाने किक मारलेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आईच्या दंडाला धरून तिला खेचलं. अक्षरशः खेचलं, तिच्या बांगड्या फुटल्या.

"सोड गो मना! येडी झालीस काय?" आई ओरडली.

दादा गाडीवरून उतरला आणि त्याने माझा गळा धरला. भुवईवरची पट्टी अजून तशीच होती. मी त्याच्या मनगटाला चावले. मामीने आम्हा दोघांना शिव्या घातल्या. दादा बोलला, "मग मागे कोण बसणार? रिकामी गाडी नेऊ मांडवात?"

"मी बसते. चल, घे."

आईला मी टेम्पोत ढकललं आणि मागे बसले, दोन्ही बाजूंना पाय टाकून. मला वाटलं, आपण मागे असलो की याला हळू तरी चालवायला लावू. कसलं काय! भिवंडीच्या रस्त्याला मी त्याच्या पाठीत बुक्के घालत होते, तो तेवढीच मूठ पिळत होता, आणि खालून ते खर्र खर्र थांबायलाच तयार नव्हतं. मग जळक्या रबराचा वास आला. मी बोंबलले, "दादा थांब रे, पाया पडते!"

शहाडच्या पुलावरून उतरताना टायर फाटला. चेन त्यातच गुंडाळली गेली, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी आडवी झाली. मी रस्त्यावर घासत गेले. दादा दुभाजकावर आपटला. त्याचा हात कोपराच्या खाली नको त्या बाजूला वळलेला. मी उठायला गेले तर माझी सलवार गुडघ्यापासून खाली नव्हती, आणि सलवारीच्या आतली कातडीसुद्धा नव्हती.

टेम्पो मागेच होता. ड्रायव्हरने तो कसाबसा आमच्या अलीकडे थांबवला. आई त्यातून कशी उतरली देव जाणे, त्या गुडघ्यांनी. दादा "आई, आई" करत होता. मला वाटलं ती त्याच्याकडे जाणार. तिचा सगळा जीव त्याच्यावर, हे अख्ख्या गावाला माहीत. ती माझ्याकडे आली. आता जवळ घेईल, म्हणेल की बाय, तुझं ऐकायला हवं होतं.

तिने माझ्या थोबाडीत मारली. बांगडीचा फुटका तुकडा हातात रुतलेला, तो माझ्या गालाला लागला.

"तुना कोनी सांगितलं माझे जाग्यावर बसाला?" ती बोलली. "मी बसलेली ना? माझं जगून झालंय. तुझं काय झालंय गो अजून?"

आणि परत मारली.