गुरुवारच्या चादरी

लाँड्रीत गुरुवार हा चादरींचा वार. हॉटेलची गाठोडी सकाळी येत. धुऊन, गच्चीवर वाळवून, इस्त्री मारून संध्याकाळी परत. "गुरुवारी या घरात कुणी मरायचंसुद्धा नाही," असं थोरली जाऊ म्हणायची. गल्ल्यावरची खुर्ची आणि फोन तिच्या ताब्यात. धाकटीच्या वाट्याला इस्त्री, गच्ची आणि जिना.

धाकटीला स्तनाचा कॅन्सर झाला. केमो झाली, डोक्यावर पुन्हा केस आले, घराने सुटकेचा निःश्वास टाकला. मग तिला धाप लागायला लागली. संध्याकाळी पावलं इतकी सुजत की चप्पल चढत नसे. आडवं झालं की जीव गुदमरे, म्हणून ती उशांवर उशा रचून बसल्याबसल्या झोपायची.

"केस आले ना? मग आता कसले लाड?" थोरली खालून ओरडायची. "चादरी काय आपल्या पायांनी वर चढणारेत?"

धाकटीचा नवरा वहिनीकडे न बघता मशीनमध्ये साबण ओतत राहायचा.

एका गुरुवारी धाकटी ओल्या चादरींसकट जिन्यात कोसळली.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "केमोच्या औषधाने हृदय कमजोर झालंय. काहींच्या बाबतीत होतं असं. म्हणून तर मध्ये इकोसाठी बोलावलं होतं. तेव्हाच आला असतात तर लवकर आटोक्यात आणता आलं असतं."

"मला? कधी?"

"मीच केला होता फोन," नर्स म्हणाली. "तुमच्याकडच्या बाई म्हणाल्या, ती ठणठणीत आहे, गुरुवारी जमायचं नाही."

धाकटीला तो फोन आठवला. कुणाचा होता, असं तिने जिन्यातून विचारलंही होतं. "राँग नंबर," थोरली म्हणाली होती.

घरी आल्यावर तिने जाब विचारला. थोरलीने पापणीही हलवली नाही. "तेव्हा होतीसच की ठणठणीत! मी काय डॉक्टर आहे?"

धाकटी भांडली नाही. भांडायलाही श्वास लागतो, आणि आपला श्वास ती आता या बाईवर फुकट घालवणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन ती गल्ल्यावरच्या खुर्चीत बसली.

"ऊठ तिथून."

"जिना बंद केलाय मला, ओझंही बंद. डॉक्टर म्हणाले बसून काम करा."

"मग गच्चीवर कोण जाणार? माझे गुडघे काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

"मी काय डॉक्टर आहे, जाऊबाई?"

मशीनपाशी नवरा खुदकन हसला, आणि लगेच खोकला.

तेव्हापासून थोरली कठड्याला धरून, कण्हत, चादरी वर नेते. तिचं कण्हणं ऐकत धाकटी गोळ्या घेते. पाण्यापेक्षा त्या कण्हण्यानेच गोळी सहज खाली उतरते, असं तिला वाटतं.

सोमवारी फोन वाजला. थोरली जिन्याच्या मध्यावर होती, खांद्यावर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं ओलं गाठोडं.

"गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुमच्या जाऊबाईंचा नंबर लागलाय," पलीकडून नर्स म्हणाली. "गुरुवारी तपासणीला पाठवाल?"

ठणठणीत आहे ती, जमायचं नाही. शब्द जिभेवर आले होते. धाकटीने ते चघळले, आणि गिळले.

"पाठवते," ती हळू आवाजात म्हणाली.

"कुणाचा फोन गं?" जिन्यातून थोरलीने विचारलं.

सांगणार होती ती. बुधवारी, शेवटचं गाठोडं वर चढल्यावर.

"राँग नंबर," धाकटी म्हणाली. "चढा तुम्ही, सावकाश."