अक्कांबरोबर बोटीवर

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकतात. हे चुकून कुणी वाचलंच तर माफ करावं.

गणेशगुडीत ज्यांच्या लॉजवर मी काम करते, त्यांना मी अक्का म्हणते. त्या बोलतात गोड. भाजी निवडायला सांगायची असली तरी आधी माझ्या पाठीवरून हात फिरवतात. गुडघे दुखतात म्हणून कॅरिबियन बेटांच्या सहलीला त्यांनी मला सोबत नेलं.

बोट लहान होती. सगळ्या प्रवाशांचं जेवण एकाच खोलीत. वाढणाऱ्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली तशी मी घाबरून उभीच राहिले. अक्का म्हणाल्या, "बस की गं. बहिणीसारखी हाईस तू मला."

लहान बोट फार हलते. अक्कांना उलट्या होत आणि मी भांडं धरून बसे. बेटं मी खोलीच्या खिडकीतूनच पाहिली. फोटोपुरतं मात्र त्या मला बाहेर बोलावून जवळ घेत.

परत आल्यावर दर महिन्याला पगार निम्माच मिळू लागला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिकीट न्हवतं व्हय तुझं? फिरलीस की."

लॉजवरच्या पाहुण्यांना त्या अजून ते फोटो दाखवतात. "हिला मी माझ्या खर्चानं जग दाखवलं," असं सांगतात. मी चहा ठेवून आत जाते.

गेल्या महिन्यात तिकिटाचे पैसे पुरते फिटले. या महिन्यात पूर्ण पगार माझ्या हातावर ठेवत अक्का म्हणाल्या, "व्याज न्हाई हं लावलं मी तुला."