मधले चार तास

बेळगावच्या शहापुरातला तो तिकीटवाला मला कधी सोसलाच नाही. बेंगळूरला विमान बदलायचं म्हटलं की मधे चार तास पाहिजेतच, हा त्याचा हट्ट. वर चौकशा. "आक्कांचं गुडघं दुखत्यात काय? हातात पाटल्या हायत? तपासणीत काढायला लावल्या तर लई येळ जातोय, अण्णा."

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, दिल्लीला नातीच्या बारशाला जायचं होतं. त्याच्या चौकशांना वैतागून मी उठलो आणि घरी मोबाईलवरच तिकीट काढलं. मधे सव्वा तास. बेळगावचं विमान उशिरा सुटलं, आक्काला पळता येईना, पुढचं विमान गेलं. बारसं तिच्याविना झालं.

परत आल्यावर ती भडकली, तेव्हा मी म्हणालो, "त्या तिकीटवाल्यानंच काढलंतं."

ती तडक त्याच्या दुकानात. मी मागं उभा.

"पहिली नात माझी! तुला काय कळतंय का न्हाय रं?"

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग खुर्ची पुढं सरकवली. "चुकलं आक्का. बसा."

अजून ती दुकानावरून जाताना तोंड फिरवते, आणि तो उठून नमस्कार करतो.

आक्का, ते तिकीट मी काढलं होतं.