देवघरातली फ्लॉपी

माझ्या लग्नाची पत्रिका माझ्याच दुकानात निघणार, हे बाबांनी साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं होतं. "पोरगी अख्ख्या सांगलीच्या पत्रिका काढते, आणि तिची दुसऱ्यानं काढायची? शोभतं का?" आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं दुकान होतं. म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मी, आणि दारात चपलांचा ढीग. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कॉम्प्युटरवर काढलेल्या पत्रिकेचं लोकांना भारी कौतुक.

घोळ घातला तो मध्यस्थानं. लग्न जुळवणाऱ्या त्या गृहस्थांनी साताऱ्याला मुलाकडच्यांना सांगितलं होतं, "मुलगी थोडं टायपिंग करते." थोडं! खरं कळल्यावर होणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला, लग्नानंतर दुकान बंद. आता मला तो मुलगा हवा होता आणि दुकानही हवं होतं. दोन्ही. हावरट म्हणा हवं तर. शेवटी मुलानंच आईला गळ घातली, की पत्रिकेचा मजकूर ठरवायच्या निमित्तानं एकदा दुकान बघून तरी ये. त्या कबूल झाल्या, आणि त्याच आठवड्यात माझ्या जुन्या कॉम्प्युटरनं राम म्हटला.

नवा आणला. काय त्याचा रुबाब! पण माझं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर जुन्या जमान्यातलं. त्याच्यासाठी ही नवी सिस्टीम आपल्या पोटात एक खोटाखोटा जुना कॉम्प्युटर उभा करायची. सॉफ्टवेअर बिचारं त्यात सुखानं सुरू व्हायचं आणि पहिलाच प्रश्न विचारायचं, लॉक कुठाय? लॉक म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. कुणी चोरून कॉपी मारू नये म्हणून सॉफ्टवेअरबरोबर मिळायची. ती कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचलेली असेल तरच अक्षर उमटणार. डबी खोचलेली होती, चांगली घट्ट. तरी पडद्यावर आपलं एकच पालुपद, लॉक सापडत नाही.

मी डबी काढली, फुंकली, परत लावली. प्रिंटर काढून बघितला. सेटिंगमध्ये शिरून जे जे बदलता येत होतं ते ते बदललं, मग घाबरून होतं तसं केलं. पाहुणे दारात आले तेव्हा मी टेबलाखाली होते, त्यामुळे सासूबाईंना दुकानात आधी माझे तळपायच दिसले.

"आगं, खाली काय करतीस?"

मी दचकून उठले ते टेबलावर डोकं आपटूनच. मुलगा वाटेत घेतलेलं भडंग खात होता, त्याला असा ठसका लागला की माझ्या आईला पाणी घेऊन धावावं लागलं. मलाही हसू आवरेना. आयुष्याचा प्रश्न टांगणीला लागलेला आणि मी आपली खीखी करत्येय!

सासूबाई मात्र खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. मूळच्या पाटणकडच्या, बोलणं रोखठोक. "काय बिघडलंय ते नीट सांग मला."

त्यांना काय म्हणून हाक मारायची ते अजून ठरलं नव्हतं, त्यामुळे मी नुसत्या 'अहो'वर भागवत होते. "अहो, आतला कॉम्प्युटर विचारतो, लॉक आहे का? तो निरोप बाहेर डबीपर्यंत जायला हवा. पण ही मधली सिस्टीम बाहेर विचारतच नाही. आपल्या मनानंच उत्तर देते, नाही म्हणून."

"म्हंजे आपला मध्यस्थच की गं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "सार की त्येला बाजूला!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसता हसता माझी ट्यूब पेटली. बाजूला सारायचं! अहो, आतल्याला बाहेर थेट वाट करून देणारी फ्लॉपी होती की माझ्याकडे! सॉफ्टवेअरच्या पेटीत दोन फ्लॉप्या आल्या होत्या. दुसरीवर लिहिलेलं, नवीन सिस्टीम असेल तरच वापरावी. तेव्हा नवीन कुठली असायला? ती कधी उघडलीच नाही.

"बाबा, ती पेटी कुठंय?"

बाबांनी देवघराकडे बोट केलं. पेटी महागामोलाची म्हणून दर खंडेनवमीला ते तिची पूजा करायचे, आणि नंतर तिथून हलवायचा त्यांना धीर झाला नाही. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू तिच्यावर चढलेलं, वर वाळलेलं झेंडूचं फूल. आई म्हणाली, हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. सासूबाईंनी हात धुतले, पदर सावरला, देवाला हात जोडले. "देवा, जरा लागतंय, परत आणून ठिवते," म्हणाल्या आणि पेटी माझ्या हातात दिली.

फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत होती, म्हणून वाचली. मी ती घातली, त्यातला प्रोग्राम चढवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आतला कॉम्प्युटर उभा राहिला, सॉफ्टवेअर सुरू झालं, सगळ्यांनी श्वास रोखला. लॉक सापडलं! मी किंचाळले, बाबा किंचाळले, सासूबाई तर सगळ्यांच्या वरताण किंचाळल्या. समोरचा पानवाला काय झालं म्हणून बघायला आला.

मग मजकूर घातला आणि पत्रिका काढली. सासूबाईंनी कागद लांब धरून सावकाश वाचला, मामा-काकांच्या नावांसकट.

"पत्रिकेच्या तळाला बारीक अक्षरात दुकानाचं नाव, पत्ता आसतोय. हितं न्हाई तो."

मी मुद्दामच घातला नव्हता. बंद व्हायच्या दुकानाचा पत्ता कशाला? "घालते," मी कसंबसं म्हटलं.

"घाल. पण सांगलीचा नगं. साताऱ्याचा घाल."

"साताऱ्याला कुठला पत्ता?" बाबा मधेच म्हणाले.

"आवं पाव्हणं, घरचा!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भायेरच्या खोलीत आमच्या ह्यांची कांद्याची पोती आसत्यात. ती हलवू."