घोरपडीचं बारसं

“तीनदा पाहिल्याशिवाय नाव ठेवू नये,” असं म्हणून काका चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि पुन्हा मैदानाकडे बघत बसायचे.  नावं ठेवण्यात आपण मराठी माणसं पहिल्यापासून हुशार. पण काका नावं ठेवायचे ती कौतुकाने, आणि त्यांनी ठेवलेलं नाव चिकटायचं.

तुम्ही टेक्ससमधल्या फ्रिस्कोतल्या एखाद्या हायस्कूलच्या स्टेडियममध्ये शुक्रवारी संध्याकाळी गेला असाल, तर असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. डोक्यावर शाळेची टोपी, मांडीवर चिवड्याचा डबा, आणि नातवंड मात्र त्या शाळेत एकही नाही. आमचे काका आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचे. इथेच पुलांची डिझाइन्स करून रिटायर झालेले, काकू गेल्यावर एकटे. मुलगी लांब, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला. फुटबॉलचा, म्हणजे इथल्या हातात बॉल घेऊन पळायच्या फुटबॉलचा, नाद त्यांना तरुणपणी ऑफिसातल्या लोकांनी लावला होता, तो काही सुटला नाही.

त्यातही त्यांचा सगळा जीव रनिंग बॅकवर. म्हणजे जो बॉल छातीशी धरून समोरच्या धिप्पाड गर्दीत घुसतो, तो. “नुसतं धावणं कुणालाही येतं गं,” ते मला समजावायचे. “धावायचं, झेलायचं, आणि दुसऱ्याकडे बॉल असेल तेव्हा त्याच्यासाठी समोरच्याला आडवं जायचं. तिन्ही येतं तो खरा. तुमच्या लेऑफमध्ये बघ, एकच काम येणारा आधी जातो.” आमच्या टीममधली चार माणसं तेव्हा नुकतीच गेली होती आणि माझा व्हिसा त्या नोकरीवर टांगलेला होता. मला ते उदाहरण अजिबात आवडलं नव्हतं.

शाळेच्या अख्ख्या टीमचं बारसं त्यांनी केलेलं. कुणी नुसता हात लावला की खाली बसणारा एक जण होता, तो लाजाळू. जिथे वाटच नाही तिथूनही अंग चोरून निघणारा, तो रिक्षा. आणि बॉल फेकण्याआधी मुहूर्त बघितल्यासारखा उभा राहणारा, तो पंचांग. मागच्या रांगेतले अमेरिकन बाप विचारायचे, “व्हॉट डझ दॅट मीन, सर?” मग काका मागे वळून हातवारे करत रिक्षा समजावून सांगायचे. तेवढ्यात इकडे सहा पॉइंट जायचे आणि आम्हाला कुणालाच कळायचं नाही.

माझा मुलगा मल्हार टेन्थ ग्रेडला त्या टीममध्ये गेला, रनिंग बॅक म्हणून. मी वर्षभर नाही म्हणत होते. मुलांच्या डोक्याला मार बसतो, त्याचे परिणाम पुढे दिसतात, हे सगळं मी वाचून ठेवलं होतं. शेवटी काकांनीच माझी समजूत घातली. “मी असतो ना तिथे,” ते म्हणाले. जणू मल्हारच्या बावीस नंबरच्या जर्सीवर झेप घेणाऱ्या पोरांना ते वरून थांबवणार होते. पण मी फॉर्मवर सही केली.

तिसऱ्या मॅचला तीन जण मल्हारला लोंबकळले आणि तो पडेना. बॉल पोटाशी, पाय चालूच. काका चिवड्याच्या डब्यासकट उभे राहिले. “घोरपड!” मग साऱ्या रांगेला त्यांनी ती गोष्ट सांगितली, तुमच्या-माझ्या लहानपणची: कमरेला दोर बांधून कड्यावर सोडायची, ती चिकटली की सुटत नाही, आणि मावळे दोराने गड चढतात. मागचा बाप म्हणाला, “ओ मॅन.” पुढच्या शुक्रवारी पोरांनी हिरवी घोरपड काढलेले बोर्ड आणले. अख्खा स्टँड ओरडायला लागला, “गोर-पॅड, गोर-पॅड.” खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. मी तो व्हिडिओ नागपूरला घरच्या सगळ्यांना पाठवला.

पुढच्या वर्षी काकांच्याच आधी लक्षात आलं. “हा पडत का नाही?” ते एकदा पुटपुटले. मला कळलं नाही. त्यांनी समजावलं, पकडला गेला की गुमान खाली जायचं, नाहीतर कडेची रेघ ओलांडून बाहेर निघायचं. त्यात काही कमीपणा नाही, शहाणे तेच करतात. मल्हार मात्र तिघांना ओढत उभा राहायचा, आणि मग चौथा लांबून पळत यायचा. त्या दिवसापासून काकांचा चिवड्याचा डबा उघडेनासा झाला. माझीही शुक्रवारची झोप उडाली.

काका जेवायला आले होते तेव्हा मी मल्हारला विचारलं, “बाळा, रेघेच्या बाहेर जायला काय होतं तुला?”

“मॉम, आय ॲम घोरपड,” तो भात कालवत म्हणाला. “घोरपड डझन्ट लेट गो. काकांना विचार.”

काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मल्हारला ड्राइव्हवेवर गाठलं. “खाली वाक,” म्हणाले. सहा फुटी पोरगा वाकला. काकांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन, आत्या करते तसं, “कुर्रर्र” केलं आणि म्हणाले, “आजपासून तू पारा. पारा म्हणजे मर्क्युरी. कुणाच्या चिमटीत सापडत नाही, निसटतो.” मल्हार खो-खो हसला, त्यांना मिठी मारली. “काका, यू कान्ट जस्ट चेंज इट.” त्या शुक्रवारी सगळा स्टँड घोरपड घोरपड करत होता आणि हा एकटा म्हातारा “पारा, पारा” ओरडत होता. हाफटाइमपर्यंत त्यांचा आवाज बसला.

दोन आठवड्यांनी तो मार बसला. आवाज वरपर्यंत आला. मल्हार आपला आपण उठला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. काकांनी माझं मनगट धरलं.

“त्याने बॉल टाकला.”

“काय?”

“बॉल गवतावर ठेवून निघालाय तो. हा कधी बॉल सोडत नाही.”

आणि मला काही कळायच्या आत ते पायऱ्या उतरायला लागले. शहात्तरीचा माणूस, गुडघ्यांची बोंब. गेटवरच्या गार्डने अडवलं तर त्याच्या हाताखालून गेले. “ट्वेन्टी-टू! टेक हिम आउट!” पोरांच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनर मुलीने मल्हारला बाजूला घेतलं, स्कोअर विचारला. त्याने मागच्या आठवड्याचा सांगितला. तिने त्याचं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं तेव्हा तो काकांवर उसळला. “यू आर नॉट इव्हन माय ग्रँडफादर!” पहिल्या चार रांगांनी ऐकलं.

“नाही रे बाबा,” काका म्हणाले. “नाही.” मी खाली पोचले तेव्हा ते रेलिंगला धरून उभे होते.

लगेच डोक्याला दुसरा मार बसला असता तर, एवढं बोलून डॉक्टर थांबली.  मल्हार कित्येक दिवस पडदे ओढून खोलीत पडून होता. मी काकांचे आभार मानायला गेले, तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. “आभार कसले मानतेस? नाव मीच ठेवलं होतं ना?”

महिन्याभराने डॉक्टरने खेळायची परवानगी दिली. पुन्हा फॉर्म, पुन्हा माझी सही. मी फॉर्म घेऊन काकांकडे गेले. “तुम्हीच सांगा, करू का?”

“मला विचारू नकोस,” ते म्हणाले. “मागच्या वेळी विचारलंस तेव्हा मला फार कळत होतं.”

मी सही केली. पोराचा चेहरा बघवत नव्हता. ते चूक होतं की बरोबर, मला आजही सांगता येणार नाही. मल्हार काकांकडे गेला नाही, आणि काका स्टेडियममध्ये यायचे बंद झाले. मला वाटलं, मन उडालं असेल.

नोव्हेंबरात एकदा गार वारा सुटला म्हणून मी हाफटाइमला गाडीतून स्वेटर आणायला गेले. मागच्या गेटपाशी, जिथे प्रत्येक मॅचला अँब्युलन्स उभी असते, तिच्या शेजारी काकांची करडी गाडी होती. मैदानाकडे पाठ, काचा बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी टकटक केलं.

“काका, आत चला ना.”

“इथून बरं दिसतं.”

“काय दिसतं इथून?”

त्यांनी अँब्युलन्सकडे बोट दाखवलं. “ही हलली नाही की झालं. मॅच संपली की मी घरी जातो. त्याला सांगू नकोस.”

मी नाही सांगितलं. फेब्रुवारीत काका झोपेतच गेले. मुलगी आली, सगळं केलं, घराला कुलूप लावून गेली. अंत्यविधीहून परत येताना गाडीत मी मल्हारला सांगितलं.

“एव्हरी गेम?”

“तू परत खेळायला लागल्यापासून. प्रत्येक.”

त्याने हूडी डोळ्यांवर ओढली आणि घर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला. 

आता त्याचं शेवटचं वर्ष. कधी रेघ ओलांडून बाहेर जातो, कधी जात नाही. पहिल्या मॅचला मी स्टँडमध्ये जायचं ठरवून निघाले आणि मागच्या गेटपाशी, काकांच्या जागेवर गाडी लावून बसले. मॅच सुरू व्हायला थोडा वेळ होता. अँब्युलन्समधली बाई उतरून माझ्या काचेशी आली, मी काच खाली केली.

“व्हेअर इज युअर डॅड?”

ते माझे वडील नव्हते, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “ही पास्ड अवे.”

 मग तिने सांगितलं की काका दर मॅचआधी तिच्याकडे यायचे, चिवडा द्यायचे आणि इंजिन एकदा चालू करून दाखवायला सांगायचे. फक्त एकदा, ऐकण्यापुरतं. मग आपल्या गाडीत जाऊन बसायचे.

“डू यू वॉन्ट मी टू?” तिने विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं. ती गेली, चढली आणि तिने इंजिन चालू केलं. मिनिटभर ते नीट चाललं. मग तिने बंद केलं. आत स्टँड ओरडायला लागला होता. मी काच वर केली.