तिसऱ्या हाकेपर्यंत

चहा येऊ द्या, तोवर सांगतो. पण एक अट आहे. मध्येच हसायचं नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं तुम्हाला थोडी भीती वाटणार आहे, आणि भ्यायच्या वेळी हसणारा माणूस मला आवडत नाही. शेवटी मात्र खुशाल हसा. शेवटी सगळेच हसतात. माझी बायको तर अजून हसते.

तुम्ही मला ओळखता ते गाईड म्हणून. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, तोंडात पाखरांची नावं. पण या गाईडगिरीचा नारळ कसा फुटला ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या फजितीनं फुटला!

साल दुष्काळाचं. शिरूर कासारला आमची दूध संस्था आहे. त्या साली जनावरं सगळी चारा छावणीवर, आणि संस्थेत कॅन उलटे घालून ठेवलेले. आम्ही सभासद रोज तिथं जमायचो आणि कोरा चहा प्यायचो. दूध संस्थेत बसून कोरा चहा! याहून मोठी नामुष्की कुठली सांगा?

चेअरमन अण्णांच्या डोक्यात एक दिवस आलं की, बाहेरच्या जिल्ह्यात लोक गाड्या करून पाखरं बघायला जातात. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं पानी न्हाई, दूध न्हाई. पन पाखरं हायत ना? मग पाखरं दाखवू." झालं. ठराव मंजूर. दूध संस्था पाखरं दाखवणार. आणि वाट दाखवायला माणूस कोण? तर ग्यानबा. म्हणजे मी. कारण अण्णांच्या पुतण्याचं पाखरांचं पुस्तक मी मागून नेलं होतं आणि परत दिलं नव्हतं.

मी लगेच हो म्हटलं. कावून म्हणाल तर, आमचा नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी. दसरा झाला की ट्रकमध्ये बसायचं आणि ऊस तोडायला पार दुसऱ्या टोकाला जायचं. माझा जन्मच उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत झालेला. त्या साली मी पहिल्यांदाच मुकादमाच्या उचलीच्या कागदावर अंगठा दिला नाही. बायकोला कडा गावी, तिच्या माहेरी सोडलं, आणि मी संस्थेतच पथारी टाकली. सहल जमली तर पुढच्या वर्षीही ट्रकमध्ये चढायचं नाही, आपल्या घरात राहायचं, असं आमचं ठरलं होतं. नाही जमली, तर आहेच कोयता. बायको निघताना एवढंच म्हणाली होती, "नीट करा. मला एकदा आपल्या घरात संक्रांत करायचीय."

आता यात एक मेख होती. ती ना अण्णांच्या ध्यानात आली, ना माझ्या. हिवाळ्यातली पाखरं हिवाळ्यात येतात. आणि हिवाळ्यात मी माझ्या गावात एकदाही नव्हतो. जन्मात नव्हतो! मला माझी वाडी ठाऊक होती ती उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली. पाखरं येण्याआधी मी जायचो, ती गेल्यावर मी यायचो. गावचा हिवाळा पाखरांना पाठ होता, मला नव्हता.

तर पुण्याचे पाहुणे आले. तीन बाप्ये आणि एक केळकरबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगानं काटकुळ्या, बोलायला कमी. पण जे विचारतील ते नेमकं. मला पहिल्यापासून त्यांचीच धास्ती.

सकाळी पालीला बिंदुसरेच्या धरणावर गेलो. पाणी तळाला गेलेलं, पण कडेच्या गाळात चक्रवाकांच्या जोड्या उभ्या होत्या. मी रुबाबात सांगितलं, हे हिमालयाच्या पलीकडून येतात. पाहुणे खूश. माळरानावर चंडोल दाखवले, ससाणा दाखवला. जे ओळखू येईना त्याला "हा जरा लाजतो" म्हणून पुढं नेलं. दुपारपर्यंत माझी छाती दोन बोटं फुगली होती.

खरी चीज मी संध्याकाळसाठी राखून ठेवली होती. भोवते. घारीएवढा पक्षी, लांब पंखांचा, जमिनीलगत तरंगत जाणारा. पुस्तकात लिहिलं होतं की दिवस मावळताना हे भोवते उंच गवतात उतरतात आणि भुईवरच रात्र काढतात. आणि त्या साली गवत उरलं होतं ते फक्त फॉरेस्टच्या कुरणात, आमच्या वाडीच्या मागं, डोंगराच्या पायथ्याला. जीप सडकेला ठेवली, खिंड ओलांडली आणि वाडीच्या मागच्या अंगानं खाली उतरून दगडांच्या आडोशाला बसलो.

खाली वाडी दिसत होती. माझीच वाडी, पण मला ती ओळखीची वाटेना. कुठं धूर नाही. कुत्रं नाही. दारांपुढं बाभळीच्या काट्या ओढलेल्या. निंबाची झाडं शेळ्यांच्या पाल्यासाठी ओरबाडून बोडकी केलेली. वारा पडला होता आणि थंडी भुईतून वर येत होती. मला एकदम वाटलं, आपण गेल्यावर गाव असं दिसतं तर.

केळकरबाईंनी हळूच विचारलं, "इथे कोणीच राहत नाही?"

मी म्हटलं, "सगळे उसाला गेलेत. म्हातारी माणसं जनावरांबरोबर छावणीवर. चिटपाखरूसुद्धा नाही."

"पाखरू तरी असू द्या," बाई म्हणाल्या.

आणि आले की हो भोवते! एक आला, मग दुसरा, मग कुठून कुठून येतच राहिले. पंखांचा आवाज नाही, तोंडाचा आवाज नाही. गवतावरून फिरायचे, फिरायचे, आणि एकदम खाली जाऊन दिसेनासे व्हायचे. आम्ही श्वास रोखून बसलेलो. शेवटचा उतरला तेव्हा उजेड नावाला उरला होता. कुठंतरी पिंगळा बोलला. मला वाटलं, जमलं. संक्रांत घरात.

तेवढ्यात वाडीत दिवा लागला.

पलीकडच्या टोकाचं घर. दगडूचं. दगडू तर कारखान्यावर, बायकापोरांसकट. मी स्वतः त्याला ट्रकमध्ये बसवून दिलेलं. त्याच्या कुलूपबंद घरात, मागच्या भिंतीच्या फटीतून पिवळा उजेड. मग तो उजेड हलला, विझल्यासारखा झाला, आणि शेजारच्या घरात लागला. मग त्याच्या शेजारच्या. एकेका बंद घरात उजेड व्हायचा. आणि आमच्याकडं सरकत यायचा.

"कोणी राहत नाही म्हणालात ना?" पाहुण्यांपैकी एकानं विचारलं.

मग आवाज आला. बाईचा की बाप्याचा ते कळेना. बसका, ओढलेला, डोंगराला लागून दोनदा येणारा. "दगडू... ए दगडू... हाईस का रं?" थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरं नाव. मग तिसरं. सगळी माझ्या वाडीतली नावं, सगळी माणसं शेकडो कोसांवर. आणि मग म्हणाला, "हरिबा... ए हरिबा..."

हरिबा माझा बाप. त्याला जाऊन तेव्हा दुसरा पावसाळा उलटला होता.

आता हसू नका. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

उजेड आमच्या अगदी समोरच्या घरात आला. आणि तेव्हा मी ते घर नीट पाहिलं. ते घर आमच्या वाडीत नव्हतंच. अख्खी वाडी मला घरांनिशी पाठ, पण ती पोपडे निघालेली उंच मातीची भिंत, तो वरचा हातभर झरोका, मी जन्मात पाहिलेला नव्हता. लहानपणापासून ऐकलेलं सगळं आठवलं. चकवा माणसाला भुलवायला नसलेलं घर उभं करतो. दिवा लावतो. आणि मग...

"ग्यानबा... ए ग्यानबा..."

झरोक्यातून. माझं नाव.

केळकरबाई म्हणाल्या, "तुम्हाला बोलावतायत."

मी त्यांना हातानंच गप्प केलं आणि कानात सांगितलं, ओ द्यायची नाही. अशा वेळी आलेल्या हाकेला तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देत नसतात. माणूस तीनदा हाक मारतो. ते दुसरं जे असतं ना, ते दोनदाच मारतं. तिसऱ्यांदा त्याला मारता येत नाही.

"ग्यानबा..." दुसरी हाक आली. आधीपेक्षा बारीक.

आम्ही थांबलो. वाट बघितली. तिसरी हाक आली नाही.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी सगळ्यात पुढं होतो. गाईडनं पुढंच असावं लागतं. काट्यांनी विजारीची लक्तरं झाली, टोपी बाभळीला राहिली, मागून पाहुणे धापा टाकत येत होते, आणि मी मारुतीचं नाव घेत खिंड चढत होतो. जीपपाशी आल्यावर मागं वळून पाहिलं. बाप्ये तिन्ही होते. केळकरबाई नव्हत्या.

आता सांगा, भूत मोठं की पुण्याची पाहुणी हरवणं मोठं? बाईंना काही झालं असतं तर सहल संपली, संस्था संपली, आणि मी थेट कोयत्यावर. बायकोला काय तोंड दाखवणार होतो? मी जीपमधला पाना हातात घेतला आणि परत निघालो. बाप्ये म्हणाले, आम्ही इथं जीप सांभाळतो.

त्या नसलेल्या घराला वळसा घालून पुढच्या अंगाला आलो. दारापुढची काटी बाजूला ओढलेली. आत तीन दगडांवर चहा उकळत होता. केळकरबाई पोत्यावर बसून पितळीतून चहा पीत होत्या, आणि त्यांच्यासमोर दिवा घेऊन बसली होती आमची मोठ्याई, माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. तिच्या कमरेला किल्ल्यांचा झुबका.

मी म्हटलं, "मोठ्याई, तू छावनीवर गेलतीस ना?"

"गेलते. मन लागंना. माघारी आले," ती म्हणाली. "हाका कोन मारल मग?"

मग कळलं. आम्ही जाताना किल्ल्या मोठ्याईजवळ ठेवून जातो, ही आमच्या वाडीची रीत. पण त्या किल्ल्यांचं ती काय करते, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती रोज दिवेलागणीला एकेक घर उघडायची, दिवा दाखवायची आणि त्या घरच्या माणसाला हाक मारायची. दर हिवाळ्याला. मी कोपीत झोपलेला असताना माझ्या नावाची हाक इथं रोज पडत होती, आणि मला पत्ताच नाही.

"घराला त्येच्या मानसाची हाक लागती," मोठ्याई म्हणाली. "न्हाई मारली तर घर इसरतं. मग पडतं."

मी विचारलं, "मग माझी तिसरी हाक कावून मारली न्हाईस?"

"तीन मारायला दम ऱ्हायलाय का आता? दोन मारते. लई झालं."

मला हायसं वाटलं. पाना खाली ठेवला, भिंतीला टेकलो आणि इकडं तिकडं बघत सहज विचारलं, "आन ह्ये घर कुनाचं म्हनायचं?"

मोठ्याईनं दिवा वर उचलला आणि माझ्या तोंडाजवळ धरला. किती तरी वेळ बघत राहिली.

"तुझं," ती म्हणाली.

कोपऱ्यात माझ्याच आईचं जातं होतं. खुंटीवर माझाच पावसाळी कोट. झालं होतं असं की, घराच्या मागच्या भिंतीला कायम कडब्याची गंज लावलेली असायची, पार झरोक्याच्याही वर. बापाच्या काळापासून. त्या साली कडबाच नव्हता, म्हणून ती भिंत पहिल्यांदा उघडी पडली. आणि मी पाहुण्यांना घेऊन माझ्याच घरापासून पळालो होतो, माझ्याच चुलतीच्या हाकेला भिऊन.

केळकरबाईंनी चहा संपवला. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. उठताना म्हणाल्या, "पुढच्या हिवाळ्यात आम्ही नक्की येऊ. तुम्ही असाल ना तेव्हा?"

मी हो म्हणालो. आणि खरंच राहिलो. अण्णांनी सहलीचा ठराव कायम केला. पुढच्या दसऱ्याला ट्रक निघाला तेव्हा आम्ही दोघं सडकेला उभे राहून हात हलवत होतो. मोठ्याईचा दम आणखी कमी झाला होता, म्हणून किल्ल्यांचा झुबका तिनं माझ्या कमरेला बांधला.

त्या हिवाळ्यातल्या पहिल्या सहलीचा दिवस. पुन्हा तीच माणसं, केळकरबाई पुढं. सगळे दगडांच्या आडोशाला बसवले, भोवते गवतात उतरू दिले, आणि म्हटलं, तुम्ही बसा, मी तेवढ्या हाका मारून येतो. दिवा घेऊन निघालो. दगडूला हाक मारली, शेजाऱ्याला मारली. ती बंद घरं, तो अंधार, आपलाच आवाज डोंगरावरून परत येतोय... खोटं कशाला बोलू, मी पाय जरा भराभरच उचलत होतो. शेवटी माझ्या दाराशी आलो. बापाला हाक मारली. मग छाती भरून स्वतःला मारली.

"ग्यानबा... ए ग्यानबा..."

आणि आतून ओ आली.

मी दिवा टाकला आणि पळालो. थेट कुरणात घुसलो. गवतात निजलेले सगळेच्या सगळे भोवते उठवले, पाहुण्यांच्या अंगावरून उडवले, आणि खिंडीच्या अर्ध्यात पोचलो तेव्हा मागून बायकोची हाक आली. दोनदा आली. मी थांबलो नाही. मग ती तिसऱ्यांदा ओरडली, "आवो, माघारी फिरा की! औंदा आपन गेलोच न्हाई!"