कोक ओव्हनवालीचं नाव

माझ्याजवळ एक शाळेची वही आहे. तिच्यात भिलाई-दुर्गच्या वार्ताहरांचे नंबर. कोणाला सकाळी अकराला फोन करायचा, कोणाला चारनंतर अजिबात करायचा नाही, कारण तेव्हा पेपरचं पान लावणं सुरू असतं, सगळं लिहून ठेवलेलं. अन् बातमी असली तरच फोन करणारी मी नाही. मधेच विचारते, भाऊ, आईचा गुडघा कसा आहे? आमच्या मराठी मंडळाच्या समितीतले पुरुष याला चोंबडेपणा म्हणतात. म्हणोत.

वही कशी सुरू झाली ते सांगते. आम्ही भिलाईतल्या रिसालीच्या बाया दर रविवारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांसाठी झुणका-भाकर नेतो. पहाटेपासून थापायचं. अन् पेपरात फोटो कोणाचा? समितीच्या सचिवांचा, हातात पळी. फोटोपुरतीच धरली होती ती. खाली आमच्याबद्दल काय, तर 'महिलाएं भी उपस्थित रहीं'. माझं डोकंच फिरलं. उपस्थित? अरे, आम्ही नसतो तर तुम्ही वाढलं काय असतं?

सोमवारी मीच हिंदीत बातमी लिहिली अन् नेहरू नगरातल्या पेपरच्या ऑफिसात गेली. वार्ताहराने वाचली अन् हसला. "आंटी, ये महिलाएं हैं या प्लांट के विभाग?"

मी कागद पाहिला. कोक ओव्हनवाली, रेल मिलवाली, दोन ब्लास्ट फर्नेसवाल्या... नवरा स्टील प्लांटात जिथे ड्युटीला, तेच बाईचं नाव. आमच्यात सगळे असंच बोलतात. इतकी वर्षं एका परातीत पीठ मळलं, पण नावं मलेच माहीत नव्हती! सचिवांवर चिडून निघाली होती, अन् नावं गाळण्यात मीही सामील.

"चार बजे तक नाम दे दीजिए," तो म्हणाला, "पूरे छापूंगा."

त्याचा नंबर शाळेच्या वहीत पहिला लिहिला, ऑटोने परत आली, दारोदार फिरली. कोक ओव्हनवालीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती कोक ओव्हनवालीच.

"कावून पाहिजे वो माझं नाव?"

"पेपरात देऊन राहिली."

तिने पदराला हात पुसले. "माहेरचं सांगू का सासरचं?"

"तुले आवडते ते सांग."

तिने माहेरचं सांगितलं. हळूच, जसं काही दुसऱ्या कोणाचं असावं.

चारला पाच कमी असताना मी फोनवर अकरा नावं सांगितली. मंगळवारी अकराच्या अकरा छापून आली. सकाळीच सचिवांचा फोन.

"ताई, बातमी समितीमार्फत जात असते. पुढच्या वेळी माझ्याकडे द्या."

"देते ना भाऊ. रविवारी पहाटे पाचला या, आधी भाकरी थापा. अकरा जणींच्या खाली तुमचं बारावं नाव मी स्वतः लिहीन."

अजून काही आले नाहीत. वही माझ्याजवळच आहे.